संदर्भ द्या

इंग्रजी विभाग दुसऱ्या मजल्यावर,
प्राणिशास्त्राच्या बरण्या ओलांडल्या की लगेच.
एमएला आम्ही सात, त्यातले चार हजेरीपुरते.
उरलो मुबीना, मी
आणि हत्तरसंगहून एसटीनं येणारा रेवणसिद्ध.

एप्रिलात पारा त्रेचाळीसवर
आणि अंबलगी मॅडम शिकवतात धुकं.
फळ्यावर धुक्याचे तीन अर्थ.
रेवणसिद्ध विचारतो, मळणीला भुसकट उडतं, तसं का?
मॅडम खिडकीतून बघत राहतात
बंद गिरणीच्या चिमणीकडं.
जवळपास, म्हणतात. पेपरात लिहू नकोस मात्र.

माझ्या पुस्तकांना तंबाखूचा वास येतो.
ग्रंथालयातले म्हमाणे काका
परत आलेलं पुस्तक नाकाशी नेतात, म्हणतात, कुंभारी,
आणि वर न बघता माझं कार्ड काढतात.

कुंभारीच्या घरकुलात, दारातल्या उजेडाला
आई, लच्चुबाई, कोंगारी अत्ता.
मांडीवर सुपं, ओल्या फडक्यात पानं,
पत्र्याचा साचा, कात्री.
आईच्या तेलुगूत झाडाचं पान वेगळं, पुस्तकाचं वेगळं.
मराठीत दोन्हींना एकच शब्द,
म्हणून ती मुद्दाम मराठीत विचारते:
आज किती पानं झाली?
चाळीस, मी म्हणते.
माझी नऊशे. जेवून घे.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात
मी त्यांना नेमलेली कादंबरी सांगितली, तेलुगूतून.
समुद्रकाठचं गाव. बोटीवर गेलेला नवरा.
खिडकीत रोज दिवा लावणारी बाई, बावीस वर्षं.
कात्र्या थांबल्या नाहीत. कात्र्या थांबत नसतात.
समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता,
त्याबद्दल कुणी विचारलंही नाही.
फक्त कोंगारी अत्तानं
बिडीचं तोंड नखानं दुमडत विचारलं,
बावीस वर्षं तेलाचे पैसे कोण देत होतं?

मी पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं.
तीनशे बारा पानांत
वारा होता, लाटा होत्या, काचेवरचं मीठ होतं.
तेलाचं कुठं काही नव्हतं.
शिवणकाम करत असेल, लच्चुबाई म्हणाली.
आई म्हणाली, उधारी असेल वाण्याकडं.
मग तो वाणी कसा होता यावरून
साडेनऊपर्यंत भांडण.

अंतर्गत परीक्षेत प्रश्न आला: दिव्याचं प्रतीक स्पष्ट करा.
टिपणांत होतं आशा, निष्ठा, श्रद्धा.
रेवणसिद्धनं तिन्ही लिहिली. मुबीनानं चार.
मी तेलाबद्दल लिहिलं,
अडीच पानं, जेवढी येते तेवढ्या इंग्रजीत.

कारखान्यात चेकर कट्ट्यातून मूठभर बिड्या उचलतो,
सैल लागली की छाट.
छाटीचे पैसे मिळत नाहीत, बिडीही परत मिळत नाही.
मी आईबरोबर त्या खिडकीशी उभी राहिलेली आहे,
तशीच मॅडमच्या टेबलाशी उभी राहिले.
समासात लाल शाईनं एकच ओळ:
हे कुठल्या समीक्षकाचं मत? संदर्भ द्या.
गुण दिले नव्हते.
कापलेही नव्हते.

नियम असा: आधी आडनाव, स्वल्पविराम, मग नाव,
साल, गाव, प्रकाशक.
रात्री वही घेऊन बसले.
कोंगारी, नरसम्मा.
साल विचारलं तर तिला वाटलं जन्माचं;
दुष्काळाच्या आधी का नंतर, यावर दोघींची बोलाबोली झाली.
गाव, कुंभारी.
प्रकाशकापाशी पेन अडलं.

माझं नाव कशाला लिहितेस, अत्तानं विचारलं,
रेशनचं आहे का काही?
नाही म्हटलं.
मग राहू दे की, म्हणाली,
आणि साच्याखाली पुढचं पान सरकवलं.